बाळू पालवणकर : चार रुपये पगाराचा गोलंदाज

१/ प्रथम श्रेणी क्रिकेटच्या नोंदींत बाळू पालवणकर यांच्या नावापुढे ३३ सामने आणि १७९ बळी आढळतात. सरासरी १५.२१. कोणत्याही काळातील गोलंदाजास भूषणावह ठरावी अशी ही कामगिरी आहे. परंतु ही नोंद सुरू होते ती १९०५-०६ च्या हंगामापासून. त्या वेळी बाळूंनी वयाची तिशी गाठली होती.

२/ गोलंदाजाच्या उमेदीचा काळ वीस ते तीस या वयातला. ती सगळी वर्षे बाळू गोलंदाजीच करीत होते, आणि बहुधा त्या काळातील कोणत्याही भारतीय खेळाडूपेक्षा अधिक करीत होते. तरीही त्या गोलंदाजीचा आकडा कोणत्याही वहीत नाही. ही हकिकत आहे त्या न मोजलेल्या चौदा वर्षांची, १८९२ ते १९०६ या काळाची.

३/ बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या समाजव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेली. वडिलांची नोकरी लष्कराच्या आश्रयाने होती. त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले.

४/ ही गोष्ट महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणी हे अस्पृश्य कुटुंबांसाठी गावगाड्याबाहेर पडण्याचे एक दार होते. तेथे नियमित पगार होता, थोडेफार शिक्षण होते आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा खेळ रोज डोळ्यांसमोर होता. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळास सुरुवात केली. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही त्याच वाटेने आले.

५/ शाळा लवकर सुटली. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावयाचे. पगार महिना तीन रुपये.

६/ १८९२ साली ते पूना क्लबात रुजू झाले. हा क्लब युरोपियनांचा. पगार एक रुपयाने वाढून चार रुपये झाला. कामेही वाढली : रूळ फिरवणे, खेळपट्टीची आखणी, सरावाच्या जाळ्या उभारणे, प्रसंगी टेनिस कोर्टाच्या रेषा मारणे. क्रिकेट खेळणे हे त्या कामांच्या यादीत नव्हते.

७/ याच १८९२ साली मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामन्यांना प्रारंभ झाला. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटची सुरुवात याच सामन्यांपासून धरली जाते. म्हणजे भारताचे प्रथम श्रेणी क्रिकेट आणि बाळूंची पूना क्लबातील चाकरी एकाच वर्षी सुरू झाली. या दोन वाटा एकमेकींस मिळण्यास चौदा वर्षे लागली.

८/ पूना क्लबात ट्रॉस नावाच्या एका सभासदाने या तरुण नोकराला जाळीत चेंडू टाकण्यास प्रोत्साहन दिले. लवकरच लक्षात आले की हा मुलगा निव्वळ चेंडू पुरवीत नाही. डाव्या हाताची संथ फिरकी, चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी, उंचीतला आणि वेगातला सूक्ष्म बदल, आणि या सर्वांवर अचूक टप्पा. दिवसभर मैदान सांभाळणाऱ्या नोकराकडे क्लबातील सर्वोत्तम गोलंदाजी होती.

९/ तिचा सर्वाधिक लाभ घेतला तो जॉन ग्लेनी ग्रेग यांनी. महू येथे जन्मलेले हे लष्करी अधिकारी भारतातील युरोपियन फलंदाजांत अग्रगण्य होते. पुढे त्यांनी इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्याकडून द्विशतक झळकावले आणि उत्तरायुष्यात ते कॅथलिक धर्मगुरू झाले. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि एकट्या बाळूंची गोलंदाजी खेळून सराव करीत.

१०/ याविषयी एक आख्यायिका आहे. बाळूंनी ग्रेग यांना बाद केले की दर वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत. आख्यायिका खरी मानली तर तिचा हिशेब विलक्षण आहे. आठ वेळा बाद केले की चार रुपये, म्हणजे पुरा एक महिन्याचा पगार. मैदान झाडण्याची किंमत आणि बळी मिळवण्याची किंमत यांत किती अंतर होते, हे त्या आठ आण्यांवरून कळते.

११/ येथे एका उणिवेकडे लक्ष द्यावयास हवे. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण फलंदाजीसाठी त्यांना कधीच बोलावले गेले नाही. इंग्रजी क्रिकेटची वर्गव्यवस्थाच तशी होती. फलंदाजी हा सद्‌गृहस्थांचा आनंद आणि गोलंदाजी हे राबणाऱ्यांचे काम. भारतात या वर्गभेदावर वर्णभेदाचा आणि जातिभेदाचा आणखी एक थर चढला.

१२/ इंग्लंडमधील ही विभागणी समजून घेतल्याशिवाय बाळूंचे स्थान कळत नाही. तेथे खेळाडू दोन प्रकारचे असत : हौशी आणि पगारी. १८०६ पासून १९६२ पर्यंत ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेयर्स’ असा सामना याच विभागणीवर खेळला जाई. पगारी खेळाडूंची कपडे बदलण्याची खोली वेगळी, मैदानात उतरण्याचे दारही अनेक ठिकाणी वेगळे. पैसा घेऊन खेळणे हे कमीपणाचे मानले जाई.

१३/ हाच वाद दूर ऑस्ट्रेलियातही चालू होता. मेलबर्नमधील क्रिकेटपटूंनी पुढाकार घेऊन १८५९ साली आपल्या फुटबॉलचे स्वतंत्र नियम तयार केले. त्यातून ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ हा खेळ उभा राहिला. १८९७ साली व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम झाला. खेळाडूंना आतून पैसे मिळत, परंतु ते उघडपणे देण्यास लीगने १९११ साली मान्यता दिली. खेळ हे पोटाचे साधन असू शकते, हे मान्य करणे त्या काळी साऱ्या जगालाच जड जात होते.

१४/ तरीही पगारी असणे आणि अस्पृश्य असणे यांत मोठा फरक होता. तो पाहण्यासाठी विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याकडे पाहावे. जन्म १८७७, म्हणजे बाळूंचे जवळपास समवयस्क. तेही डाव्या हाताचे संथ फिरकी गोलंदाज, तेही पगारी खेळाडू. १८९८ साली यॉर्कशायरकडून पदार्पणाच्या हंगामातच त्यांनी १५४ बळी मिळवले. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते इंग्लंडकडून कसोटी खेळले.

१५/ १९०० आणि १९०१ या दोन हंगामांत ऱ्होड्स यांनी प्रत्येकी अडीचशेहून अधिक बळी घेतले. त्यांनाही वेगळ्या दाराने मैदानात यावे लागले असेल, पण ते मैदानात आले आणि त्यांचा प्रत्येक चेंडू वहीत उतरला. बाळूंची पहिली वर्षे जाळीच्या आत गेली. पुढे क्रिकेटचे जाणकार बाळूंना ‘भारताचे ऱ्होड्स’ म्हणू लागले. ही तुलना गौरवाची खरी, पण ज्या दहा वर्षांत ऱ्होड्स हे ऱ्होड्स झाले, ती दहा वर्षे बाळूंच्या वाट्याला आलीच नाहीत.

१६/ पुण्यात हिंदू क्रिकेटपटूंचाही एक क्लब होता आणि त्याला पूना क्लबातील युरोपियनांना हरवावयाचे होते. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती त्यांच्या कानी गेली होती. प्रश्न एवढाच होता की चर्मकार खेळाडूस संघात घ्यावयाचे की नाही. क्लबातील तेलुगू भाषक सभासद अनुकूल होते. पुण्यातील काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल होते.

१७/ या वादात ग्रेग यांनी वृत्तपत्रातून मत दिले. बाळूंसारखा गोलंदाज जवळ असताना जातीमुळे त्याला दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असा त्याचा आशय होता. यामागे समतेचा विचार किती आणि तोडीस तोड सामना खेळण्याची इच्छा किती, हे ठरवणे कठीण आहे. जाळीत ज्याच्याशी झुंजावयाचे, त्याच्याशी खऱ्या सामन्यातही झुंजावे असे त्यांना वाटले असणे स्वाभाविक आहे. परिणाम मात्र झाला. बाळू संघात आले.

१८/ संघात येणे म्हणजे बरोबरीने येणे नव्हे. मैदानावर बाळूंच्या हातातला चेंडू सर्व जण हाताळीत. चहाची वेळ झाली की सारे मंडपात जात आणि बाळू बाहेर थांबत. इतरांना चिनी मातीच्या कपात चहा मिळे, बाळूंना बाहेरच मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून दिले जाई. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास ते दलित नोकराच्या हातून. जेवणाचे ताट वेगळे आणि टेबलही वेगळे.

१९/ यात एक विसंगती आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा. ज्या कातडी कामामुळे त्या जातीला अस्पृश्य ठरवले, त्याच कातड्याचा चेंडू उच्चवर्णीय खेळाडू अंगरख्याला पुसून चमकवीत. बाळूंच्या हातून तो त्यांच्या हातात जाई, झेल पकडल्यावर सर्व जण आनंदाने ओरडत. विटाळ मानला जाई तो केवळ कपबशीला. बळी हवा असेल तोवर अस्पृश्यता सीमारेषेबाहेर थांबत होती.

२०/ पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंच्या बळावर युरोपियनांचा पराभव केला. सातारा जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. हा क्लबही गोऱ्यांचाच. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर मुद्दाम रूळ फिरवून ती सपाट केल्याचे सांगितले जाते. बाळूंनी सात बळी घेतले. खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले, त्याला ती खेळपट्टी वाचता येणारच होती.

२१/ विजयानंतर पुण्यात सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे सांगितले की ज्यांच्याबरोबर खेळता, त्यांच्याबरोबर खाणेपिणेही करावयास हवे. सामाजिक सुधारणेच्या सभांत जो प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला जात होता, तो एका गोलंदाजाने चहाच्या कपापर्यंत आणून ठेवला होता.

२२/ १८९६ च्या सुमारास, प्लेगच्या काळात, बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच, १८९४ साली, स्थापन झाला होता. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. काही गुजराती सभासदांचा विरोध होता. कप्तान कीर्तिकर यांनी तो मोडून काढला आणि बाळू जिमखान्याकडून खेळू लागले.

२३/ मुंबईने बाळूंना आणखी एक गोष्ट दिली : रेल्वेतील नोकरी. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. मैदान झाडणारा नोकर आणि चांगला खेळतो म्हणून नोकरी मिळालेला खेळाडू, या दोहोंमधला प्रवास येथे पूर्ण झाला. पुढे शतकभर भारतातील असंख्य खेळाडूंना रेल्वेने पोटापाण्याचा आधार दिला. त्या परंपरेच्या अगदी आरंभीच्या नावांत बाळूंचे नाव घ्यावे लागेल.

२४/ आणि मग १९०६ चा फेब्रुवारी उजाडला. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदूंचा विजय १०९ धावांनी. त्यात बाळूंची गोलंदाजी निर्णायक ठरली. ज्यांच्या जाळीत चेंडू टाकून हात तयार झाला, त्यांच्याच जमातीच्या संघाला आता सामन्यात उत्तर मिळाले.

२५/ ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयाकडे क्रिकेटच्या पलीकडे जाऊन पाहिले. या भावांना संघात आणि जिमखान्यात मिळालेल्या प्रवेशाने तरुण हिंदूंची मने जितकी उदार केली, तितकी अन्य प्रयत्नांनी केली नाहीत, असा त्याचा अभिप्राय होता. पुण्यात चहा बाहेर मिळाला होता. मुंबईत एकत्र भोजनापर्यंत मजल गेली होती. दहा-बारा वर्षांतले हे अंतर लहान नव्हते.

२६/ तरी ते पुरेही नव्हते. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाला पराभवांमागून पराभव पत्करावे लागले. बाळूंनी मात्र सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. वय पस्तीस. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने मानपत्र लिहिल्याचे सांगितले जाते.

२७/ एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच मिळाले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला, तोही मोठ्या वादानंतर. संघाला बळी मिळवून देणारा हात चालत होता, पण क्षेत्ररक्षक कोठे उभे करावेत हे उच्चवर्णीयांना सांगणारा हात मान्य होण्यास आणखी एक पिढी जावी लागली.

२८/ पुढील आयुष्यात बाळू राजकारणात आले. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ज्याच्याकडे आंबेडकरांनी तरुणपणी आदराने पाहिले, तो विरोधी उमेदवार झाला. त्या संघर्षाची कथा स्वतंत्र आहे. १९५५ साली बाळूंचे निधन झाले.

२९/ बाळूंची कथा बहुधा क्रिकेटच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते : खेळाने जात मोडली, गुणवत्तेने दार उघडले. १८९२ ते १९०६ ही वर्षे नीट पाहिली की चित्र वेगळे दिसते. दार प्रत्येक वेळी उघडले ते कोणाला तरी सामना जिंकावयाचा होता म्हणून. उघडले तेही तेवढेच, जेवढे गोलंदाजीसाठी आवश्यक होते. उरलेले दार बाळू आणि त्यांच्या भावांना एकेक सामना खेळून ढकलावे लागले.

३०/ म्हणून १७९ हा आकडा वाचताना त्याच्या आधीची कोरी पाने आठवावीत. त्या पानांवर ग्रेग यांना पहाटे टाकलेले चेंडू आहेत, रुळाखाली सपाट झालेली खेळपट्टी आहे, मंडपाबाहेर उभ्याने घेतलेला चहा आहे. भारतातील पहिल्या थोर गोलंदाजाची उमेदीची कारकीर्द तीच होती. तिचा मोबदला महिना चार रुपये होता आणि तिची धावपत्रिका कोणी लिहिली नाही.